हैदराबाद सिटी पोलिसांचे फुटबॉलवीर : एक कृतज्ञ स्मरण

हैदराबाद म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे चारमिनार, सालारजंग संग्रहालय आणि बिर्याणी या तीन गोष्टी उभ्या राहतात. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुंबई, कलकत्ता किंवा दिल्ली येथील खेळाच्या शौकिनाला हे नाव ऐकताच चौथी एक गोष्ट आधी आठवत असे, ती म्हणजे हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ. आपल्या संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत शिक्षण, समाजसेवा आणि साहित्य या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी लिहिलेच असेल. प्रस्तुत लेखकाने मात्र आपल्याच शहराच्या या विस्मृत वैभवाविषयी चार शब्द लिहिण्याचे ठरविले आहे. ज्यांची नावे आमच्या वाडवडिलांच्या ओठांवर होती, ती आमच्या मुलांनी ऐकलेलीही नसावीत ही गोष्ट मनाला लागते, हे त्याचे एक कारण. या खेळाडूंच्या कथेतून आजही शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे दुसरे.

काळ आणि परिस्थिती

प्रथम त्या काळाचे चित्र लक्षात घेतले पाहिजे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. आपला मराठवाडा तेव्हा याच राज्याचा भाग होता आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद येथील कितीतरी कुटुंबे नोकरीच्या व शिक्षणाच्या निमित्ताने या शहरात येऊन राहिली होती. विलीनीकरणाच्या उलथापालथीत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, अनेक घरे विस्कटली, माणसामाणसांत संशय शिरला. अशा वेळी, अवघ्या दोन वर्षांनी, १९५० साली या शहरातील पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला आणि त्याच हंगामात दिल्लीला ड्युरँड कपही जिंकला!

या दोन्ही स्पर्धांचे महत्त्व आजच्या तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. ड्युरँडची सुरुवात १८८८ साली सिमल्याला व रोव्हर्सची १८९१ साली मुंबईला झाली. दोन्ही स्पर्धा गोऱ्या पलटणींच्या खेळासाठी निघालेल्या. रोव्हर्स कपावर पहिल्यांदा हिंदी संघाचे नाव कोरले गेले ते १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सच्या रूपाने, आणि ड्युरँडवर १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगच्या रूपाने. स्वातंत्र्यानंतर या चषकांना राष्ट्रीय मानाचे स्थान मिळाले. १९५० च्या ड्युरँडमध्ये हैदराबाद पोलिसांची गाठ अंतिम सामन्यात प्रत्यक्ष मोहन बागानशी पडली. पहिला सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पुन्हा खेळविलेल्या सामन्यात पोलिसांनी १-० असा विजय मिळविला. तेथून पुढे १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबादेत आला. १९५४, १९५७ व १९६१ या सालीही ड्युरँडवर याच संघाचे नाव लागले. त्यांपैकी शेवटच्या वेळी संघाचे नाव बदलून आंध्र प्रदेश पोलीस असे झाले होते.

माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत होते. रात्री दस्तरखानावर बसले की मोईन, लईक, सुसे, पॅट्रिक अशी नावे ते एखाद्या जपमाळेसारखी घेत. ही नावे नुसती कानांवर पडली तरी एक गोष्ट समजते. त्या संघात मुसलमान होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते. कोणी जुन्या शहरातला, कोणी सिकंदराबादेच्या छावणीतला, कोणी तमिळ बोलणारा, कोणी उर्दू. शहर मनाने दुभंगलेले असताना गर्दीतला प्रत्येक माणूस आपापला खेळाडू हेरून ओरडत होता, आणि चेंडू जाळ्यात गेला की सगळे एकाच आवाजात ओरडत होते. एकोप्यावरील दहा व्याख्यानांनी झाले नसते ते काम त्या अकरा जणांनी केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मास्तर सय्यद अब्दुल रहीम

या संघाची गोष्ट सांगायची तर ती एका शाळामास्तरापासून सुरू करावी लागते. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा. उस्मानिया विद्यापीठाचे ते पदवीधर आणि स्वतः चांगले खेळाडू. काचीगुडा येथील शाळेत, उर्दू शरीफ शाळेत, दारुल उलूम हायस्कुलात व चादरघाट हायस्कुलात त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यानंतर क्रीडाशिक्षण हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९४३ पासून मृत्यूपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते, आणि १९५० पासून सिटी पोलीस संघाचे शिक्षक.

आम्ही शिक्षकी पेशातली माणसे रहीमसाहेबांचे नाव अभिमानाने घेतो, त्याचे कारण त्यांनी मिळविलेले चषक एवढेच नव्हे. खेळाडू घडवावयाचा म्हणजे काय करावयाचे, याचा त्यांनी शिक्षकाप्रमाणे विचार केला. त्या काळी आपल्याकडे उत्तम खेळाडू म्हणजे चेंडू पायाला चिकटवून चार-पाच जणांना हुलकावणी देणारा, अशी समजूत होती. प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. रहीमसाहेबांनी पाहिले की अशा खेळाने एक माणूस चमकतो आणि दहा माणसे बघत उभी राहतात. म्हणून त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यात चेंडू खेळवत नेण्याला मनाई असे. चेंडू आला की तो लगेच दुसऱ्याकडे द्यावयाचा. त्यामुळे चेंडू येण्यापूर्वीच मान वर करून आपला सोबती कोठे आहे हे पाहण्याची सवय लागली. तसेच, उजव्या पायाने खेळणाऱ्याला डाव्या पायाने खेळण्याचा सराव ते देत. वर्गात ज्या विद्यार्थ्याचे गणित कच्चे असते त्याला आपण गणितच जास्त घालतो. रहीमसाहेबांनी तोच न्याय पायांना लावला.

मैदानावरील मांडणीतही त्यांनी नवा विचार आणला. जुन्या रीतीप्रमाणे मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड अशी रचना असे. आघाडीला पाच माणसे, म्हणजे गोल पुष्कळ होतील असा हिशेब. पण पुढचे पाच पुढेच राहिले आणि चेंडू हातचा गेला, तर मागचे दोन बॅक उघडे पडतात. रहीमसाहेबांनी आघाडीच्या माणसांना मागे येऊन चेंडू घेण्यास शिकविले आणि बचावाची फळी भक्कम केली. पुढे राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती आल्यावर मागे चार, मध्ये दोन व पुढे चार ही मांडणी त्यांनी आपल्याकडे रुळविली.

या सर्वांना पाठबळ दिले ते पोलीस खात्याने. वरिष्ठ अधिकारी शिवकुमार लाल हे या संघाचे मोठे आश्रयदाते होते. गरीब घरातल्या गुणी मुलाला खात्यात भरती करून घेतले की घरची चूल पेटण्याची चिंता मिटे आणि सकाळ-संध्याकाळ तो मैदानावर येऊ शके. पगार शिपायाचा, पण तो दरमहा मिळणारा. या एका व्यवस्थेवर तो संपूर्ण डोलारा उभा होता, हे ध्यानात ठेवावे. लेखाच्या शेवटी त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

जुनी फळी : नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन

पहिल्या पिढीतील दोन नावे सर्वांत आदराने घ्यावयाची, ती हाफबॅक नूर मोहम्मद आणि फुलबॅक सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन यांची. १९५२ च्या हेलसिंकी व १९५६ च्या मेलबर्न अशा दोन्ही ऑलिंपिकला हे दोघे गेले. हेलसिंकीला आपल्या संघाला युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरविले. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर अनवाणी पायाला चेंडूची नेमकी ओळख असते हे खरे, पण थंड, ओल्या गवतावर बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे ती काय कामाची? तो पराभव फार झोंबला. मात्र त्यातूनच बुटांची सक्ती झाली आणि खेळाला नवे वळण लागले.

चार वर्षांनी मेलबर्नला हेच दोघे बुटांनिशी उतरले. संघाचे शिक्षक रहीमसाहेबच. या संघात हैदराबादेचे अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन व बलराम हेही होते. हैदराबादेत जन्मलेला पण लष्कराच्या संघातून पुढे आलेला उंचापुरा गोलरक्षक पीटर थंगराज हाही होता. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांचे. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाशी ४-१ व तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी ३-० अशी हार झाली. तरी ऑलिंपिकच्या पहिल्या चारांत भारत आला, आणि तसा योग त्यानंतर आजवर आलेला नाही.

गंमत पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य भाषावार विभागले गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि अवघ्या महिन्याभराने मेलबर्नला ही मुले खेळत होती. नकाशावरून राज्य पुसले गेले, पण हैदराबाद हे नाव फुटबॉलच्या मैदानावर गाजतच राहिले. १९५६ व १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे आंतरराज्य संतोष करंडक हैदराबादने जिंकला, आणि अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी दोन्ही वेळा मुंबई! आपल्यापैकी कित्येक घरांत त्या दिवशी कोणाच्या बाजूने ओरडावे याचा पेच पडला असेल.

तुलसीदास बलराम

लोकप्रियतेच्या दृष्टीने या संघातून पुढे आलेल्यांमध्ये तुलसीदास बलराम यांचे स्थान फार वरचे आहे. सिकंदराबादजवळील अम्मुगुडा येथे १९३६ साली एका गरीब तमिळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या घरात मुलाने चेंडूच्या मागे धावावे हे परवडणारे नव्हते. रहीमसाहेबांची नजर त्यांच्यावर पडली. परंतु घरापासून शहरातील मैदान दूर, आणि रोज येण्याजाण्याला पैसे नाहीत. तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी दिले. हिंदुस्थानच्या एका श्रेष्ठ फुटबॉलपटूची कारकीर्द अशी सायकलीच्या भाड्यावर उभी राहिली आहे! गुरुजनांनी हा प्रसंग मनात जपून ठेवण्यासारखा आहे. विद्यार्थ्याला पुष्कळदा उपदेश नको असतो, गाडीभाडे हवे असते.

बलराम पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगालला गेले आणि १९६१ साली त्या संघाचे कर्णधार झाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बलाढ्य हंगेरीशी आपण २-१ असे हरलो, त्यातला आपला एक गोल बलराम यांचा. पेरूविरुद्धचा आपला गोलही त्यांचाच. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम ही त्रयी त्या काळच्या आघाडीची शान होती. १९६२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि १९६३ साली, ऐन सत्ताविशीत, आजारपणामुळे त्यांचा खेळ संपला. उतारवयात ते कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला एकटेच राहत. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

जकार्ता, १९६२

रहीमसाहेबांच्या आयुष्याचा कळस म्हणजे जकार्ता येथील आशियाई स्पर्धा. कर्करोगाने त्यांचे शरीर तेव्हा पोखरले जात होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. पुढे थायलंड व जपान यांना नमवून, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ अशी मात करून संघ अंतिम फेरीत आला, तो पुन्हा दक्षिण कोरियासमोरच. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेपासून दूर ठेवल्याबद्दल भारतीय प्रतिनिधीने घेतलेल्या हरकतीमुळे स्थानिक प्रेक्षक भारतावर खवळलेले होते. ४ सप्टेंबर रोजी त्या गोंगाटात भारताने २-१ असा विजय मिळविला. गोल पी. के. बॅनर्जी व जर्नेल सिंग यांचे. गोलच्या तोंडाशी थंगराज, आघाडीला बलराम आणि मधल्या भागात युसुफ खान असे हैदराबादेचे तिघे त्या अकरांत होते. गोव्याच्या कोलवाळचे फोर्तुनातो फ्रांको हेही त्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळले.

युसुफ खान यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण टाळ्या मिळविणाऱ्या जागेवर ते नेहमी नसत. शिक्षक सांगेल त्या जागी उभे राहावयाचे, हा त्यांचा बाणा. कधी आघाडीला, कधी मध्ये, कधी बचावाला. प्रत्येक संघाला, आणि म्हणावे तर प्रत्येक संस्थेला, असा एखादा माणूस लागतो. १९६६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. उत्तरायुष्य दीर्घ आजारपणात काढून २००६ साली ते गेले.

सुवर्णपदकानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब निवर्तले. आशियाई फुटबॉलचे सुवर्णपदक भारताने १९५१ साली दिल्लीला व १९६२ साली जकार्ताला जिंकले, आणि दोन्ही वेळा संघाचे शिक्षक तेच होते. तिसरे पदक अद्याप आलेले नाही.

उत्तराधिकारी

गुरूच्या मागे त्याची विद्या काही काळ चालते, तशी ती चालली. सय्यद नईमुद्दीन हे पोलीस संघातूनच पुढे आलेले बचावपटू. १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताला कांस्यपदक मिळाले. खेळाडू म्हणून अर्जुन आणि शिक्षक म्हणून द्रोणाचार्य हे दोन्ही सन्मान त्यांना लाभले. त्याच संघातील मोहम्मद हबीब हे पोलीस संघाचे नव्हेत, पण हैदराबादचेच. कलकत्त्याने त्यांना प्रेमाने ‘बडे मियाँ’ म्हटले. १९७७ साली पेले ज्या कॉसमॉस संघातून कलकत्त्यात खेळले, त्या संघाशी मोहन बागानने २-२ अशी बरोबरी केली आणि त्यातला एक गोल हबीब यांचा होता. १५ ऑगस्ट २०२३ रोजी ते पैगंबरवासी झाले. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे रोम ऑलिंपिकच्या संघात होते. पुढे ते हवाई दलात अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय पंच झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचेही गुलबर्गा येथे निधन झाले. झुल्फिकारुद्दीन २०१९ साली गेले, अहमद हुसेन २०२१ साली. एक एक दिवा असा मालवत गेला.

हा ओघ का आटला?

विजयांची यादी वाचून हळहळणे सोपे आहे. ऱ्हासाची कारणे पाहणे अधिक उपयोगाचे. मला तीन कारणे मुख्य वाटतात. पहिले, कलकत्त्याच्या मोठ्या संघांकडे पैसा होता आणि लाखोंचा प्रेक्षकवर्ग होता. शिपायाच्या पगारावर घर चालविणाऱ्या तरुणाने तिकडे जावे यात त्याचा काय दोष? गुणी मुले हैदराबादेत घडत आणि कलकत्त्यात चमकत. दुसरे, पोलीस खात्यातील ते आश्रयदाते राहिले नाहीत आणि खेळाडूंना नोकरी देण्याची ती पद्धतही पुढे क्षीण झाली. नोकरी गेली की गरीब घरातला मुलगा मैदान सोडतो, हा साधा हिशेब आहे. तिसरे कारण मला शिक्षक या नात्याने सर्वांत जास्त बोचते. रहीमसाहेबांना खेळाडू मिळत ते शाळांतून आणि गल्लीतल्या मोकळ्या जागांतून. आज शहरातील कितीतरी शाळा तीन मजली इमारतीत भरतात आणि त्यांना अंगण म्हणावे असेही काही नसते. मैदानच नसेल तर डाव्या पायाचा सराव कोठे द्यावयाचा? ज्या रोव्हर्स कपने हैदराबादेला कीर्ती दिली, ती स्पर्धाही आता बंद पडली आहे.

२०२४ साली रहीमसाहेबांच्या जीवनावर ‘मैदान’ नावाचा हिंदी बोलपट निघाला, तेव्हा माझ्या वर्गातील मुलांनी विचारले, “सर, हे खरोखर आपल्या गावचे होते?” प्रश्न निरागस होता, पण त्याचे उत्तर त्यांना आम्ही आधीच द्यावयास हवे होते.

आपण काय करू शकतो?

सभासद बंधुभगिनींनो, या खेळाडूंना स्मारके उभारणे आपल्या आवाक्यातले नाही, आणि त्यांची त्यांना गरजही नसावी. परंतु दोन लहान गोष्टी आपल्याला सहज करता येतील. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या ट्रंकांतून एखादा सांघिक फोटो, एखादे तिकीट, वर्तमानपत्राचे कात्रण पडून असेल. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून फोटोच्या पाठीमागे नावे व साल लिहून ठेवा. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीच्या दृष्टीने रद्दीच होय.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांविषयी. आपल्या ओळखीत एखादा मुलगा किंवा मुलगी खेळात गुणी असेल आणि घरची ओढगस्त असेल, तर त्याच्या बुटांचे किंवा बसभाड्याचे पैसे कोणी तरी द्यावेत. ही रक्कम मोठी नसते आणि तिची पावतीही कोणी मागत नाही. अम्मुगुड्याच्या एका मुलाला सायकलीचे भाडे मिळाले, आणि रोमच्या मैदानावर हंगेरीच्या जाळ्यात भारताचा चेंडू गेला. असा हिशेब मांडणारे मास्तर या शहराला पुन्हा लाभोत, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे हातही लाभोत, हीच या मंगलप्रसंगी प्रार्थना.